बसायचे कुठे?

मित्राने ‘आज बसायचे का?’ असे विचारले, तर कशासाठी हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. जपानी माणूस त्याच हेतूने जिथे जातो त्या जागेचे नाव ‘इझाकाया’. त्यातला ‘इ’ म्हणजे बसणे, थांबणे, ‘साका’ हे ‘साके’चे म्हणजे मद्याचे समासातले रूप, ‘या’ म्हणजे दुकान. आपल्याकडे क्रियापद तेच, पण जागांची नावे निराळी : गुत्ता आणि परमिट रूम. गुत्ता हा मुळात मक्त्याचा शब्द. ‘गुत्तेदार’ अजूनही ठेकेदारालाच म्हणतात. परमिट रूम तर उघडच परवान्याची खोली. जपानी नाव गिऱ्हाईक काय करते ते सांगते, आपली नावे सरकारने काय दिले ते सांगतात. हा फरक नुसता शब्दांचा नाही.

मी खोडदचा. जपानशी आमच्या गावाचा एक दूरचा धागा आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथे आहे. तिच्या साहाय्याने पल्सार ताऱ्यांचे ठोके मोजणाऱ्या गटात भारतीयांबरोबर कुमामोतो विद्यापीठाचे संशोधकही आहेत. या गटाने युरोपीय संशोधकांसह जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. कुमामोतो हे नाव असे कानावर होते, म्हणून जपानच्या प्रवासात तिथे उतरलो आणि दोन संध्याकाळी इझाकायात जेवलो.

तिथली रीत अशी. बाहेर लाल कागदी कंदील, दारावर कापडी पडदा. बसताच हात पुसायला ओले फडके मिळते. मग न मागता एक छोटी वाटी येते, ती ‘ओतोशी’. तिचे तीनचारशे येन बिलात लागतात; ते बसण्याचे भाडेच समजायचे. पुढे एकेक लहान बशी मागवायची, ती सर्वांच्या मधोमध ठेवायची. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. शेवट भाताने किंवा नूडल्सने, त्याला ‘शिमे’ म्हणतात, म्हणजे समारोप. बक्षिशी देण्याची पद्धत नाही. मी ‘कराशी रेन्कोन’ मागवले. हा कुमामोतोचा खास पदार्थ. कमळकाकडीच्या भोकांत मोहरी आणि मिसो ठासतात, हळद घातलेल्या पिठात बुडवून ती तळतात आणि चकत्या कापतात. चकतीत दिसणारे सारण पाहून जुन्नर-आंबेगावची मासवडी आठवली. शेजारच्या टेबलावर कचेरीतले स्त्री-पुरुष एकत्र होते, कोपऱ्यात एक आजोबा एकटेच मासा खात होते. कोणी कोणापासून लपलेले नव्हते.

ही जागा घडली ती एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत. मद्याची दुकाने पूर्वी मापाने विकत. गिऱ्हाईक भांडे घेऊन येई आणि घरी नेई. काही जण तिथेच पिऊ लागले, तेव्हा दुकानदारांनी सोबत खायला द्यायला सुरुवात केली. १५९६ मध्ये सुरू झालेल्या तोशिमाया या दुकानाची मिसो लावून भाजलेल्या तोफूसाठी ख्याती होती. एदोत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा बरीच जास्त होती. सरदारांबरोबर आलेले सामुराई आणि पोटासाठी आलेले मजूर यांना घरी चूल नव्हती. १८११च्या गणतीत शिजवलेले पदार्थ देणाऱ्या १,८०८ इझाकाया मोजल्या गेल्या.

एकट्या पुरुषांचे शहर आम्हालाही परके नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेली. डबेवाले मुख्यतः इथलेच. गिरणगावात अशा माणसांसाठी बायकांनी खानावळी चालवल्या. त्याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. म्हणजे गरज तीच होती, आणि जेवणाची सोयही झाली. मद्य मात्र त्या पंगतीत आले नाही. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ते चोरट्या गुत्त्यांत ढकलले. पुढे बंदी सैल झाली, पण परवान्याची अट राहिली आणि तिच्याबरोबर खोलीही राहिली.

आज पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या आसपास हीच रचना दिसते. पुढे उजेडात ‘फॅमिली’ विभाग, तिथे मासवडी, भाकरी, बायका-मुले. मागे मंद दिव्याची परमिट रूम, तिथे बाटली आणि चखणा. चखणा या शब्दातच जेवण दुय्यम ठरते : शेंगदाणे, पापड, चकली, पोट भरू नये इतकेच. इझाकायात पिणे जेवणाच्या ओघात येते. आपल्याकडे जेवण पिण्याच्या शेवटी, तेही उरलेच तर.

इझाकाया निष्पाप आहे असे नाही. वरिष्ठाने भरलेला पेला नाकारता न येणे हा जपानी नोकरदारांचा जुना जाच आहे. मद्यासाठी होणाऱ्या या छळाला त्यांनी ‘आरुहारा’ असा शब्दच घडवला. आणि खोडदला असे दुकान निघावे, असेही मला म्हणायचे नाही. मजुरीचे पैसे घरी येण्याआधी संपताना ज्या बायकांनी पाहिले, त्यांनी दारूच्या दुकानाविरुद्ध मत देणे मला समजते. मात्र अंधारी खोली त्यांचे दुःख कमी करत नाही. उजेडात, घासाबरोबर, ओळखीच्या नजरेसमोर बसलेल्या माणसाला निदान स्वतःला सावरावे लागते. अंधाराच्या खोलीत ती नजर नसते, आणि बायकोला तर तिथे पाऊलही टाकता येत नाही.

महाराष्ट्रातल्या गावांत दारूबंदीसाठी मतदान होते, तेव्हा उभी बाटली की आडवी बाटली एवढेच विचारले जाते. ताटलीचे चित्र तिथे नसते.