दांडीच्या परांचा मासा

बसा रे सगळे. आज एका माशाची गोष्ट सांगतो. मासा खरा, माणसं खरी, तारखासुद्धा खऱ्या.

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ईस्ट लंडन नावाचं बंदर आहे. तिथल्या छोट्या संग्रहालयाचा कारभार मार्जरी कोर्टने-लॅटिमर नावाची ३१ वर्षांची मुलगी पाहायची. तिच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पण पक्षी, शिंपले, फुलं, हाडं, जे दिसेल ते निरखायचा आणि जपून ठेवायचा नाद लहानपणापासूनचा. बंदरातल्या ट्रॉलरवाल्यांना तिने सांगून ठेवलं होतं, जाळ्यात काही वेगळं आलं तर मला कळवा. कप्तान हेंड्रिक गूसन हे काम मनापासून करायचे.

२२ डिसेंबर १९३८. नाताळ तोंडावर आलेला. गूसन यांची ‘नेरीन’ बोट धक्क्याला लागल्याचा निरोप आला. मार्जरी हातातल्या कामात बुडालेली होती, पण खलाशांना सणाच्या शुभेच्छा तरी देऊ म्हणून गेली. डेकवर मुशी आणि पाकटांचा ढीग पडला होता. त्या ढिगातून एक निळा पर वर आलेला तिला दिसला. वरचे मासे बाजूला सारले, अंगावरचा चिकटा पुसला, आणि खाली निघाला दीड मीटर लांबीचा, साधारण ५७ किलो वजनाचा मासा. निळा, अंगावर पांढुरके ठिपके, उजेडात चंदेरी-हिरवी झाक मारणारा. चालुम्ना नदीच्या मुखाजवळच्या समुद्रात तो जाळ्यात आला होता.

आता पुढची पंचाईत ऐका. आपल्याकडे डिसेंबरात थंडी, तिकडे ऐन उन्हाळा. एवढा मासा ठेवायचा कुठे? टॅक्सीवाला वासामुळे गाडीत घ्यायला तयार नव्हता, त्याला कसंबसं राजी केलं. शवागाराने नाही म्हटलं, शीतगृहाने नाही म्हटलं. एका वरिष्ठांनी तर ‘हा साधा रॉक कॉड आहे’ म्हणून विषयच संपवला. मार्जरीने ऐकलं नाही. प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या एका कारागिराकडे तिने मासा नेला, फॉर्मालिनमध्ये भिजवलेल्या कापडात आणि वर्तमानपत्रांत गुंडाळला. दुसऱ्या दिवशी एक पत्र लिहिलं आणि सोबत माशाचं चित्र काढलं. चित्र अगदी साधं, पण परांचा आकार, शेपटीचा आकार, डोक्यावरच्या हाडांच्या पट्ट्या, जे दिसलं ते तिने त्यात घातलं.

पत्र होतं जे. एल. बी. स्मिथ यांना. ते ग्रॅहम्सटाऊनच्या कॉलेजात शिकवायचे रसायनशास्त्र, आणि जीव अडकलेला माशांत. सुटीसाठी ते दूर नाइझ्ना गावी गेलेले. नाताळच्या गर्दीत टपाल रेंगाळलं, पत्र त्यांच्या हाती पडलं ३ जानेवारीला. तोवर इकडे मासा खराब होऊ लागला होता. फॉर्मालिन आतपर्यंत पोचलंच नाही. शेवटी कातडी आणि कवटी राखली, आतडी, कल्ले, मांस टाकून द्यावं लागलं. काढलेल्या फोटोंची फिल्मसुद्धा खराब निघाली. सांगाडा आणि कल्ले जपून ठेवा, अशी स्मिथ यांची तार आली तेव्हा उशीर झाला होता.

“पण आजोबा, नुसतं चित्र पाहून त्यांनी मासा कसा ओळखला?”

छान विचारलंस. मासा ओळखताना जाणकार आधी रंग बघत नाहीत. रंग मेल्यावर फिका पडतो. ते बघतात पर किती, कुठे, कसे, शेपटी कशी, खवले कसे, डोक्याची हाडं कशी. तुम्हीही करून पाहा. आईने बांगडा आणला की कल्ल्यामागचा पर दोन बोटांत धरून हळूच उघडा. बारीक काड्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेला पातळ पडदा दिसेल. त्या काड्या थेट अंगातून निघतात. सुरमईचं तसंच, पापलेटचंही तसंच. आता हातपंखा डोळ्यांसमोर आणा. बांगड्याचा पर म्हणजे दांडी नसलेला पंखा. मार्जरीच्या माशाच्या परांना मात्र जाडजूड, खवल्यांनी मढलेली मांसल दांडी होती आणि तिच्या टोकाला काड्यांची झालर. दांडीच्या आत एकामागे एक जोडलेली हाडं आणि त्यांना हलवणारे स्नायू. यातलं पहिलं हाड एकटंच शरीराला सांधलेलं असतं. तुमच्या दंडात खांद्याला जोडलेलं हाड एकच असतं ना, त्याच घराण्याची ही रचना.

पर मोजू या. पाठीवर दोन. त्यातला पुढचा साधा, काटेरी काड्यांचा, बिनदांडीचा. मागचा दांडीचा. छातीशी दोन, पोटाशी दोन, शेपटीआधी खालच्या बाजूला एक, हे पाचही दांडीचे. आठवा पर शेपटीचा, आणि तो सगळ्यांत वेगळा. त्याचे वर एक पान, खाली एक पान, आणि मधोमध त्यांच्याही मागे डोकावणारं छोटं तिसरं पान. आज समुद्रात दुसऱ्या कुठल्या माशाची शेपटी अशी नाही.

स्मिथ यांना चित्र पाहताच ओळख पटली, कारण त्यांनी ती शेपटी पाहिली होती. कुठे? दगडांत! सीलकंथ नावाच्या माशांचे जीवाश्म जगभर सापडले आहेत. स्वित्झर्लंडचे लुई आगासी यांनी १८३९ मध्येच या गटाला नाव दिलं होतं. सर्वांत जुने जीवाश्म ४० कोटी वर्षांपूर्वीचे. आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमारास, दगडांतली त्यांची नोंदही संपते. सगळे शास्त्रज्ञ धरून चालले होते की हे मासे नामशेष झाले. आणि इथे एक ट्रॉलरच्या जाळ्यात आलेला!

१६ फेब्रुवारी १९३९ ला स्मिथ यांनी पेंढा भरलेला तो मासा प्रत्यक्ष पाहिला आणि शंका उरली नाही. मार्च महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी नव्या जातीची घोषणा केली. नाव दिलं लॅटिमेरिया चालुम्नी. पहिला शब्द मार्जरीचा, दुसरा त्या नदीचा. मला हा मान अगदी योग्य वाटतो. मासा तिने ओळखला नव्हता, पण तो ओळखता येईल अशा रीतीने वाचवला तिनेच.

तरी पोटातलं सगळं गेलं होतं. आतली रचना कळायला दुसरा मासा हवा. स्मिथ यांनी चित्र छापून पत्रकं काढली, इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत. मासा आणून देणाऱ्याला १०० पौंडांचं बक्षीस. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती वाटली गेली. वाट पाहावी लागली चौदा वर्षं. डिसेंबर १९५२ मध्ये मादागास्करजवळच्या कोमोरो बेटांतून तार आली. तो काळ पुन्हा नाताळचा, तोच उन्हाळा, तीच मासा नासण्याची भीती. स्मिथ यांनी सरळ पंतप्रधान मलान यांना फोन लावला, आणि त्यांनी लष्कराचं डकोटा विमान दिलं. मासा समोर पाहून स्मिथ यांना रडू आवरलं नाही.

या माशाला पाठीवरचा पुढचा पर नव्हता आणि शेपटीचं मधलं पानही नव्हतं. स्मिथ यांना वाटलं, ही निराळीच जात. पंतप्रधानांच्या नावावरून त्यांनी तिला ‘मलानिया’ म्हटलं. पुढे आणखी मासे मिळाले तेव्हा कळलं की जात तीच होती, या एका माशाचे अवयव दुखापतीने गेले होते. म्हणून नवी जात ठरवताना शक्य तितके नमुने पाहावे लागतात. एकाच्या अंगावर जे दिसतं ते सगळ्या जातीचं असेलच असं नाही.

आणि एक गोष्ट. जग ज्याला हरवलेला समजत होतं, तो मासा कोमोरोच्या कोळ्यांच्या ओळखीचाच होता. ते त्याला ‘गोंबेसा’ म्हणतात. खोल पाण्यात गळ टाकला की कधीमधी लागायचा. मांस तेलकट, खायला बेचव, म्हणून त्याची किंमत नव्हती. त्याचे खरखरीत खवले मात्र सायकलच्या ट्यूबला पंक्चरचं ठिगळ लावण्याआधी रबर घासायला वापरत, असं सांगतात. खवल्यांवर दातांसारखे बारीक कंगोरे असतात, त्यामुळे ते काम चोख होत असणार. पुस्तकवाल्यांनी कोळ्यांना आधी विचारलं असतं तर!

नंतर झाक मियो आणि झाँ आंतोनी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कोमोरोतले मासे उघडून वर्षानुवर्षं अभ्यास केला. काय काय निघालं आतून! आपल्या पाठीत मणके असतात, बांगड्याच्या काट्यातही मणक्यांची माळ दिसते. सीलकंथच्या पाठीत तशी माळ नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत एक जाड, लवचीक नळी जाते, आत तेलासारखा द्रव. हीच पृष्ठरज्जू. आपल्यातही ती असते, पण आईच्या पोटात असतानाच, पुढे तिची जागा मणके घेतात. या माशात ती जन्मभर टिकते.

कवटी दोन भागांची, मध्ये सांधा. त्यामुळे तो जबडा खाली करताना कवटीचा पुढचा भाग वर उचलू शकतो, तोंड मोठं उघडतं. आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कोणत्याही कणाधारी प्राण्यात असा सांधा नाही. एवढ्या कवटीत मोठ्या माशाचा मेंदू जेमतेम दीड टक्का जागा व्यापतो, बाकी बहुतेक चरबी! नाकाडापाशी घट्टसर द्रवाने भरलेली एक पोकळी आहे. अंधाऱ्या पाण्यात भक्ष्याच्या शरीरातून येणारे विजेचे क्षीण संकेत तिथे टिपले जातात. पोटात फुप्फुसाचा अवशेषही आहे, पण श्वासासाठी तो निरुपयोगी, भोवती चरबीचा थर.

१९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात जपलेली एक मादी उघडली, तर आत पाच पूर्ण घडलेली पिल्लं! म्हणजे हा मासा पाण्यात अंडी सोडत नाही, पिल्लांना जन्म देतो.

“आजोबा, दांडीच्या परांवर तो चालतो का?”

स्मिथ यांनाही तसंच वाटत होतं. १९८७ मध्ये हान्स फ्रिके हे जर्मन संशोधक पाणबुडीतून कोमोरोच्या समुद्रात उतरले आणि जिवंत सीलकंथ त्यांनी त्याच्याच घरात पाहिले. चालत नव्हते. दिवसा लाव्हाच्या कपारींत गटाने विसावायचे, रात्री प्रवाहाबरोबर संथ तरंगत शिकार शोधायचे. मधूनच डोकं खाली करून उभे राहायचे. पर हलवायची तऱ्हा मात्र चालणाऱ्या जनावराची: डाव्या छातीच्या परासोबत उजवा पोटाचा, मग उलट. अंगावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. त्यांवरून फ्रिके एकेक मासा ओळखू लागले.

१९९७ मध्ये इंडोनेशियाच्या मनाडो शहराच्या बाजारात असाच मासा दिसला, पण तपकिरी. पुढच्या वर्षी आणखी एक सापडला, त्याच्या डीएनएने वेगळेपण सिद्ध केलं, आणि १९९९ मध्ये दुसरी जात नोंदली गेली. स्थानिक लोक तिला ‘राजा लाउट’ म्हणायचे, समुद्राचा राजा. आणि २०१३ मध्ये सीलकंथच्या सगळ्या जनुकांचा आराखडा वाचल्यावर कळलं की चार पायांच्या प्राण्यांचं जवळचं नातं फुप्फुसमाशांशी आहे. सीलकंथ थोडे लांबचे, पण कुटुंबातलेच.

एक काळजीची गोष्टही सांगतो. खवल्यांवरची वर्तुळं मोजून २०२१ मध्ये अभ्यासकांनी अनुमान काढलं की हे मासे १०० वर्षांच्या आसपास जगू शकतात, पन्नाशीच्या पुढेमागे वयात येतात आणि पिल्लं मादीच्या पोटात सुमारे पाच वर्षं वाढतात. एक मासा जाळ्यात गेला तर त्याची जागा भरायला केवढा काळ लागेल, बघा. कोमोरोची जात आज नष्ट होण्याच्या टोकावर असलेल्यांच्या यादीत आहे.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी होडी आहे त्यांच्यासाठी. जाळ्यात ओळखू न येणारा मासा आला तर तो आडवा ठेवा, पर उघडे करा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा आणि खोली लिहून ठेवा. साफ करू नका, पोटातलं फेकू नका, बर्फात ठेवा. मुंबईत केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे कळवा. मोठी माणसं साधा मासा म्हणाली तरी कळवा.