घरचा लॅपटॉप (लेखांक ७) : हा इशारा दिला कोणी?

परवा भर दुपारी धुळ्याहून, देवपुरातून, मावशीचा फोन आला. "हाई काय शे रे भाऊ?" एवढंच म्हणाली आणि मोबाईल लॅपटॉपजवळ नेऊन धरला. पलीकडून भोंगा वाजत होता आणि एक बाई इंग्रजीत बजावत होती की कॉम्प्युटर बंद करू नका. पडदाभर निळा रंग, मधोमध लाल चौकट, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आणि खाली ठळक फोन नंबर. माझ्या मावसबहिणीचा अभियांत्रिकी प्रवेशाचा फॉर्म अर्धा भरून राहिलेला. घाबरून तिने घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर त्या नंबरातले सहा आकडे दाबलेही होते.

मी म्हटलं, "मावशी, नंबर लावू देऊ नको. तिला सांग, डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबून धर." दोन-तीन सेकंदांत तो पडदा आक्रसला आणि वर ब्राउझरची पट्टी दिसू लागली. ते फक्त एक वेब पान होतं, पूर्ण पडदा व्यापून बसलेलं. फुली दाबून बंद केलं, आवाजही थांबला. काही वेळा पान एस्केपला दाद देत नाही. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर तिथूनच बंद करायचा. पुन्हा सुरू केल्यावर "आधीची पानं उघडू का?" असं विचारलं, तर नको म्हणायचं.

व्हायरसचा इशारा दिसला की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "आता काय करू?" माझं सांगणं आहे की त्याआधी "हे मला सांगतंय कोण?" असं विचारा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे त्या कंपनीनेच स्पष्ट सांगितलं आहे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेल्या 'ब्रेन' या व्हायरसमध्ये त्यांचं स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर होता. आज पडद्यावर जो नंबर झळकतो त्यामागे ठग बसलेला असतो. तो एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो आणि आपला लॅपटॉप आपल्यासमोर स्वतः चालवू लागतो.

दुसरा प्रकार उजव्या खालच्या कोपऱ्यात येतो. "५ व्हायरस सापडले", "संरक्षण संपलं" असे चौकोन दर दहा मिनिटांनी वर येतात. त्या चौकोनात बारीक अक्षरात क्रोमचं आणि कुठल्यातरी अनोळखी साइटचं नाव असतं, ते वाचा. कधीतरी सिनेमा किंवा निकाल शोधताना आपण 'अलाऊ' दाबलेलं असतं, त्याचं हे फळ. बहुतेक वेळा लॅपटॉपमध्ये काही शिरलेलं नसतं; आपण दिलेली परवानगी तेवढी काढून घ्यायची असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स, तिथे ही यादी सापडते.

आता खरा इशारा. तो विंडोज सिक्युरिटीमधून येतो, किंवा आपण विकत घेतलेल्या अँटीव्हायरसमधून. आपल्याकडे अँटीव्हायरस म्हटलं की अनेकांना दुकानातलं क्विक हीलचं खोकं आठवतं. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकट्या संजयने व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून १९९०च्या दशकात ही कंपनी उभी राहिली. आज विंडोज १० किंवा ११ सोबत डिफेंडर हा अँटीव्हायरस फुकटच येतो आणि घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या चाचणी अँटीव्हायरसची मुदत संपली असेल तर तो काढून टाका, डिफेंडर आपोआप चालू होतो. दोन अँटीव्हायरस एकत्र नांदत नाहीत.

इशारा खरा असेल तर 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडून सावकाश वाचा. सापडलेल्या गोष्टीचं नाव आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे दोन्ही तिथे लिहिलेलं असतं. नाव 'ट्रोजन'ने सुरू होत असेल तर वेळ घालवू नका. 'पीयूए' असेल तर बहुधा फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत आलेलं लचांड आहे. 'हॅकटूल' आणि पुढे 'ऑटोकेएमएस' दिसलं, तर तुमचं विंडोज किंवा ऑफिस बहुधा चोरीच्या किल्लीने उघडलेलं आहे.

हे मला माझ्याच लॅपटॉपवर कळलं. जळगावात एका दुकानात विंडोज टाकून घेतलं होतं. दोन वर्षं एकही इशारा आला नाही, म्हणून मी निश्चिंत होतो. एकदा सहज डिफेंडरच्या सेटिंग्जमध्ये 'एक्सक्लूजन्स' उघडलं. तपासणीतून वगळायच्या जागांची ती यादी. तिथे एकच ओळ होती : सी ड्राइव्ह. अख्खा! चोरीची किल्ली पकडली जाऊ नये म्हणून कोणीतरी पहारेकऱ्याचे डोळेच बांधून ठेवले होते. ती ओळ काढून तपासणी लावली तर अकरा गोष्टी सापडल्या. आज हा लेख ठेवून एवढं एकच करायचं असेल, तर ती यादी उघडून बघा. तुम्ही स्वतः काही टाकलं नसेल तर ती रिकामी असायला हवी.

कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आणला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, हाही नेहमीचा अनुभव. फायली बहुधा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी पेन ड्राइव्ह तपासा, मग लपलेल्या फायली दाखवा, हव्या त्या उतरवून घ्या आणि तो फॉरमॅट करा.

शंका राहिलीच तर विंडोज सिक्युरिटीमधला 'ऑफलाइन स्कॅन' लावा. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उठण्याआधीच साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते. चार्जर लावून ठेवा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७पासून मोफत सफाईची साधनंही दिली आहेत.

ठगाला फोन लागून गेलाच असेल तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. इंटरनेट तोडा, बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा. तासाभरात कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच असते. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला.

मावशीकडे ऑफलाइन स्कॅनमध्ये काहीच निघालं नाही. नोटिफिकेशन्सच्या यादीत सात साइट होत्या. बहिणीने फोनवर एकेक नाव वाचलं; एक तिच्या ओळखीची निघाली, सहा काढल्या. मग फॉर्म पुन्हा उघडला. भरलेली पानं शाबूत होती.