लेकीची फी माफ झाली, आता कागद वेळेवर काढा

मृगाचा पाऊस आणि बारावीनंतरचा प्रवेश हे दोन्ही एकाच वेळी दारात उभे राहतात. एकीकडे बियाणं, खत, पेरणीची घाई. दुसरीकडे पोरीचा सीईटीचा निकाल. खिशातला पैसा तेवढाच. अशा वेळी घराघरांत काय ठरत आलं, ते आपण सगळे जाणतो. मुलाला इंजिनीअरिंगला घालायचं, मुलीनं तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्यासाठी स्थळं बघायची. पोरगी हुशार नव्हती म्हणून नव्हे, फी झेपत नव्हती म्हणून.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या हिशेबातला एक मोठा आकडा आता बदलला आहे. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि इतर मागास (ओबीसी) या प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्याहून कमी आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती शंभर टक्के झाली. नव्याने प्रवेश घेणाऱ्या मुलींना ती आहेच, आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही पुढच्या वर्षांसाठी आहे.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व फ्रीशिप या योजना वेगळ्या आहेत. त्यांनी त्या योजनेतूनच अर्ज करावा.

आता याचा अर्थ रुपयांत बघा. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. कॉलेजं वाढली, जागा वाढल्या, पण फीचा बोजा पालकांवर आला. समजा, अशा एखाद्या कॉलेजची वर्षाची शिक्षण फी ८० हजार आहे. निम्मी सवलत असताना बापाला वर्षाला ४० हजार, म्हणजे चार वर्षांत १ लाख ६० हजार भरावे लागत. कोरडवाहू पाच एकरवाल्याला ही रक्कम कुठून येणार? एक तर सावकाराकडून, नाही तर जमिनीच्या तुकड्यातून. आता ती रक्कम भरायची नाही.

पण थांबा. "फी माफ" हे दोन शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. या सवलतीच्या बांधाच्या आत काय आहे आणि बाहेर काय, ते नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट, प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. "काका, कॅपची वाट बघू नका, सीट आजच पक्की करून देतो," असं कुणी म्हणालं तर हात जोडा आणि घरी या. घाईत मारलेली एक सही चार वर्षांची फी अंगावर घालते.

दुसरी गोष्ट, सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजं यात येतात. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं येत नाहीत. जाहिरातीत नुसतं "विद्यापीठ" लिहिलेलं बघून जाऊ नका. ते कोणत्या प्रकारचं आहे, हे आधी विचारा.

तिसरी गोष्ट, माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, अनामत, खोलीभाडं, मेस, एस.टी.चा पास हा खर्च राहतोच. त्याची तरतूद पेरणीआधी करा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलामुलींसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचाही अर्ज त्याच वेळी भरा.

हे सगळं अडतं ते कागदापाशी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, आणि मुलीच्या नावाचं आधारशी जोडलेलं बँक खातं. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर हे दोन वेगळे कागद आहेत. एक आहे म्हणून दुसरा चालत नाही. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा तारीख बघून घ्या. जात पडताळणीला वेळ लागतो. पोरगी अकरावी सायन्सला गेली की लगेच तयारीला लागा. कॅपची यादी लागल्यावर समितीच्या दारात उभं राहून उपयोग नाही. दाखल्यावरचं नाव, मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव तिन्ही जुळतात का, तेही आजच ताडून बघा. एका वेलांटीपायी अर्ज परत येतो.

कॉलेजच्या खिडकीवर पूर्ण फी मागितली, तर भांडत बसू नका. शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवा, फी कोणत्या नियमानं मागता ते लेखी विचारा आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

आता दोन शब्द गावच्या कारभाऱ्यांना. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांचा एक अहवाल चार दिवस लांबला तर पोरीची एक फेरी चुकते. फेरी चुकली की वर्ष जातं, आणि खेड्यात मुलीचं वर्ष गेलं की पुष्कळदा शिक्षणच जातं. म्हणून मे महिन्यात गावातच एक दिवस दाखल्यांसाठी ठेवा. सरपंचांनी दवंडी द्यावी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागदांची यादी लावावी. बारावीला बसलेल्या मुली गावात किती, हे शाळेतून सहज कळतं. तेवढ्या घरी निरोप धाडायला खर्च येत नाही.

माफी मुलींना पूर्ण आणि मुलांना निम्मी, यावर पारावर कुरकुर ऐकू येते. मुलांच्या फीचं ओझं खरंच आहे, ते कुणी नाकारत नाही. पण घरात पैसा कमी पडला की आजवर कोणाची शाळा आधी सुटली, एवढं आपल्या मनाला विचारा.

वापसा असताना पेरलं तरच उगवतं. सरकारनं पाऊस पाडला आहे. आता तिफण धरायची ती आपण.