पानगळीआधीचे रंग

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे ढग घाटमाथ्यावर रिते झाल्यानंतर उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात, शिरूर तालुक्यातील सणसवाडीचा परिसर येतो आणि तेथील पानगळ थंडीपेक्षा पाण्याच्या टंचाईशी अधिक निगडित असते. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील हरितद्रव्य, म्हणजे सूर्यप्रकाश शोषणारे हिरवे रंगद्रव्य, मोडते आणि त्याच्याशी जोडलेल्या प्रथिनांतील नायट्रोजन फांद्यांकडे परत नेते; ही काटकसर खरोखर थक्क करणारी आहे. हिरवा रंग ओसरला की मुळातच पानात असलेली कॅरोटिनॉइड ही पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात. देशी बदामाची पाने हिवाळ्यात तांबडी होतात, ती मात्र अँथोसायनिन या नव्याने तयार होणाऱ्या रंगद्रव्यामुळे, आणि हे द्रव्य प्रखर उन्हापासून पानाचे रक्षण करते, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

हेच अँथोसायनिन वसंतात पिंपळाच्या व कुसुमाच्या कोवळ्या पालवीतही दिसते, कारण तेथे हरितद्रव्य अजून पुरेसे भरलेले नसते. म्हणून मेपलच्या ओढीने परदेशी जाऊ न शकणाऱ्या रसिकाने डिसेंबरपासून बदाम आणि फाल्गुन-चैत्रात पिंपळ आवर्जून न्याहाळावा.