वायफाय राउटर घेताय? रेंजसोबत प्रायव्हसीही तपासा. दुकानदाराला विचारा हे ४ प्रश्न

वर्धा : राउटर घेताना पहिला प्रश्न ठरलेला, 'मागच्या खोलीत रेंज येईल का?' पण घरातला प्रत्येक मोबाइल, स्मार्ट टीव्ही आणि सीसीटीव्ही कॅमेरा याच डब्यातून इंटरनेटवर जातो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या योजनेला केंद्राने २०११मध्ये मंजुरी दिली. तीच आजची भारतनेट. त्यामुळे आंजी (मोठी)सारख्या गावांसाठीही हा प्रश्न आता परका नाही.

राउटरला काय दिसते?
बँकेचा पासवर्ड किंवा व्हॉट्सॲपचा मेसेज राउटरला वाचता येत नाही. तो मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) असतो. मात्र कोणता मोबाइल किती वाजता कोणत्या वेबसाइटवर गेला, हे बहुतेक वेळा कळू शकते.

धोका खरा आहे का?
२०१२मध्ये सिस्कोने काही लिंक्सिस राउटर अपडेट केले. त्यानंतर सेटिंग बदलायला कंपनीचे क्लाउड खाते लागू लागले आणि अटींमध्ये इंटरनेट हिस्टरीचाही उल्लेख होता. ग्राहक भडकल्यावर कंपनीने माघार घेतली. २०१८मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' व्हायरसने किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख राउटर व तत्सम उपकरणे गाठली.

खरेदीआधी विचारा
१. कंपनीचे ॲप आणि खाते नसताना चालतो का? मोबाइलच्या ब्राउझरमधून सेटिंग होत असेल तर उत्तम.
२. सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार? स्वस्तात मिळणारे जुने मॉडेल इथेच महागात पडते.
३. 'डब्ल्यूपीए३' सुरक्षा आहे का? किमान 'डब्ल्यूपीए२' हवीच.
४. गेस्ट नेटवर्क आहे का? पाहुणे, शेजारी आणि कॅमेऱ्यासाठी वेगळा पासवर्ड देता येतो. घरातले मोबाइल वेगळे राहतात.

फायबर कंपनीचाच डबा असेल तर?
तो अनेकदा कंपनीकडूनच दुरून हाताळला जातो. बिघाड दुरुस्तीला ते सोयीचे, पण काही सेटिंग ग्राहकाच्या हातात राहत नाहीत. अशा वेळी त्याला स्वतःचा राउटर जोडून डब्याचे वायफाय बंद करता येते. आधी कंपनीला विचारून घ्यावे.

आजच करा
- डब्याखालच्या स्टिकरवरील वायफाय आणि ॲडमिन, दोन्ही पासवर्ड बदला.
- 'डब्ल्यूपीएस' आणि 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा.
- अपडेट तपासा. ऑटो अपडेट असेल तर सुरू ठेवा.

हे लक्षात ठेवा
राउटर कितीही चांगला असला, तरी इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून सगळे लपत नाही. ॲपला दिलेल्या परवानग्याही तो थांबवत नाही. पण घरातली माहिती राउटर कंपनीच्या सर्व्हरवर जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी खरेदीच्या दिवशीच ठरते.