कापूस घरी येईपर्यंत थांबू नका



कृषी विस्तार अधिकाऱ्याने कपाशीवर लिहावे, एचआयव्हीवर कशाला, असे कोणी विचारील. पण बांधावर बसले की माणसे फक्त पिकाचेच बोलतात असे नाही. सगळे उठून गेल्यावर एखादा मागे रेंगाळतो आणि हळूच सांगतो, "साहेब, दवाखान्यात रक्त तपासलं, तो रोग निघाला. पण मले त काहीच होत नाही. वेचणी झाली का पाहतो जाऊन."

दसऱ्याला लागलेली वेचणी संक्रांतीच्या पुढे जाते. मग लग्नसराई, मग उन्हाळवाही, मग पेरणी. शेतकऱ्याचे वर्ष रिकामे कधी असते? म्हणून हा लेख.

औषधाला थोडे थांबावे, ही समजूत अगदी निराधार नव्हती. फवारणीबाबत आम्हीच सांगतो की एक कीड दिसली म्हणून पंप उचलू नका, नुकसानीची पातळी गाठली की मगच फवारा. एचआयव्हीच्या उपचारातही पूर्वी अशी पातळी होती. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी औषधे देण्यास सुरुवात केली, तेव्हा बहुतेकांना ती रक्तातल्या सीडी-४ पेशी २०० च्या खाली उतरल्यावरच मिळत. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार, आणि विषाणू नेमका त्यांनाच खातो. पुढे ही रेघ ३५० वर, मग ५०० वर सरकली. २०१७ मध्ये ती पुसूनच टाकण्यात आली. आता पेशी कितीही असोत, निदान झाले की उपचार.

त्याच २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्याची कपाशी पोखरली. बोंड बाहेरून हिरवेगार, टणक. फोडून पाहावे तर आत सरकी खाल्लेली. एचआयव्हीची चाल तशीच आहे. माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो, वखर हाणतो, पोती उचलतो, आणि आत राखणदार कमी होत जातात. अंगावर दिसू लागते तेव्हा बहुधा क्षयरोगाने घर केलेले असते.

ही रेघ पुसली ती पुराव्यावर, आणि त्यातला एक पुरावा आपल्या महाराष्ट्रातून गेला. पती-पत्नींपैकी एकालाच एचआयव्ही आहे अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. पुण्याची तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात होती. निम्म्यांना औषध लगेच दिले, निम्म्यांना पेशी उतरेपर्यंत थांबवले. २०११ मध्ये निकाल आला. जोडीदाराकडूनच लागण झाल्याची २८ प्रकरणे निघाली. त्यांतली २७ थांबवलेल्या गटात, आणि लगेच औषध घेणाऱ्यांत फक्त एक! पुढे २०१५ मध्ये ३५ देशांतल्या दुसऱ्या अभ्यासात गंभीर आजार आणि मृत्यूचा धोकाही लवकर औषध घेणाऱ्यांत निम्म्याहून कमी आढळला. म्हणजे वेचणीपर्यंत थांबणारा आपल्या जिवाबरोबर घरधनिणीचाही जीव टांगणीला लावतो. हे त्याला कोणी तोंडावर सांगत नाही, म्हणून मी लिहितो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. चाचणी केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्या करूनच निदान पक्के करतात. तेथून एआरटी केंद्रात पाठवतात, यवतमाळला श्री. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ते आहे. रक्त तपासतात, क्षयाची लक्षणे विचारतात, समुपदेशक समजावून सांगतो. मनाची तयारी असेल तर औषध त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात सुरू होऊ शकते. बहुतेक मोठ्या माणसांना तीन औषधांची मिळून एकच गोळी, दिवसातून एकदा, आणि तीही फुकट. सुरुवातीला मळमळ वाटेल, झोप उडेल. तसे झाले तर केंद्रात सांगावे, गोळी मनाने सोडू नये. क्षय असेल, विशेषतः मेंदूचा, तर डॉक्टर आधी त्याचे औषध देऊन एआरटी थोडी पुढे ढकलतात. थांबण्याचे असे कारण फक्त डॉक्टरांनी सांगावे, पिकाने नव्हे.

गरोदर बाईने तर एक दिवसही दवडू नये. तिला औषध आणि जन्मल्यावर बाळाला औषध, असे झाले तर बहुतेक बाळे निरोगी राहतात.

सहा महिन्यांनी रक्तातला विषाणू मोजतात. तो मोजणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्यायल्याने तर ती कधीच होत नव्हती.

खरी अडचण लाजेची. 'गावचा कोणी तिथं दिसला तर?' सन २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमचे निदान तुमच्या संमतीविना फोडता येत नाही आणि या रोगापायी कामावरून काढता येत नाही. जडीबुटीने विषाणू मुळासकट उपटतो म्हणणारे मात्र लाज राखण्याचेच पैसे घेतात. अशांना पावती मागून पाहा!

शंका असल्यास १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे. नाव सांगावे लागत नाही.

पुसद-उमरखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी केंद्रात कळवावे. प्रकृती स्थिर असेल तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, नाहीतर तिकडच्या केंद्रात नाव बदलून देतात. गोळ्यांची डबी कोयत्याच्या गाठोड्यात नको, कपड्यांत ठेवावी; पाण्याने भिजल्या तर वाया जातात.