मालेगांवचीं घरें व बांधकामाचे सरकारी नियम

वाशीम जिल्ह्यांतील मालेगांव हें तालुक्याचें ठिकाण. यास मालेगांव जहांगीर असेंहि म्हणतात. नाशिककडील मालेगांव निराळें. येथील सामान्य गृहस्थाचें घर पूर्वीं कोणत्या नियमानें उभें राही व आज कोणत्या नियमानें राहतें, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. देवळांचीं व गढ्यांचीं मापें पुष्कळांनीं घेतलीं. घर मात्र उपेक्षित राहिलें.

सरकारी कायदा येण्यापूर्वीं नियमच नव्हता असें नाहीं. जुन्या कागदांत 'काळी' व 'पांढरी' हे शब्द जोडीनें येतात. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हा भेद महसुलाचा म्हणून प्रसिद्ध आहे; परंतु आमच्या मतें त्यांत बांधकामाचें शहाणपणहि आहे. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. शिवाय ती सर्वत्र सारखी हलत नाहीं. त्यामुळें तिच्यांत उथळ पाया घातल्यास भिंती तडकतात. काळी सोडून पांढरींत घर बांधावें, हा या प्रांतींचा अलिखित असा पहिला सुरक्षा-नियम म्हणतां येईल.

तथापि जुनी रीत सर्वस्वीं निर्दोष होती असें आमच्यानें म्हणवत नाहीं. धाब्याचें घर उन्हाळ्यांत थंड राहतें हें खरें; पण गळती थांबविण्यासाठीं धाब्यावर वरचेवर नवी माती पडे व ओझें पिढ्यानुपिढ्या वाढत जाई. असलें ओझें दगडमातीच्या भिंतींवर असतां जमीन हादरली म्हणजे काय होतें, हें ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीस दिसून आलें. लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत ७,५०० हून अधिक माणसें मेलीं. भिंती जाड होत्या, पण त्यांच्या दोन्ही अंगांस आरपार बांधून धरणारे लांब दगड बहुधा नव्हते. मधला भराव ढासळून दोन्ही अंगें सुटीं झालीं. आणखी ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, तत्कालीन भूकंप-नकाशांत हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. तो पहिला पट्टाच २००२ सालच्या सुधारणेंत रद्द करण्यांत आला.

आतां कायद्याकडे वळूं. विदर्भ १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, व १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यान्वयें घर बांधण्यास पंचायतीची परवानगी आवश्यक झाली. पुढें १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला. २०१४ सालीं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचें धोरण शासनानें स्वीकारलें व मालेगांवासहि नगरपंचायत मिळाली. नगरपरिषदा व नगरपंचायती यांजकरितां २०१३ सालीं केलेले प्रमाणित नियम जाऊन डिसेंबर २०२० मध्यें मुंबई व कांहीं अपवाद वगळून साऱ्या राज्यास एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. इमारतीची रचना राष्ट्रीय बांधकाम संहितेस व भारतीय मानकांस धरून असावी, असें ती सांगते.

या नियमावलींतील एक कलम लहान गांवांस फार महत्त्वाचें आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधावयाचें तर परवान्याची वाट पाहावी लागत नाहीं. परवानाधारक जाणकाराच्या सहीचा नकाशा व शुल्क दाखल केलें म्हणजे पुरें. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यावयाची असते. गरीब माणसाचे कचेरीचे हेलपाटे यानें वांचतात, म्हणून सवलत योग्यच आहे. पण अशा घराचा भरंवसा मुख्यतः त्या एका सहीवर व गवंड्याच्या हातावर राहतो, हेंहि विसरून चालणार नाहीं.

अडचण येथेंच आहे. पांढरी भरली, गांवें आतां सडकांच्या कडेनें पसरत आहेत, आणि बिनशेती होऊन भूखंड पडतात ते पुष्कळदां काळींतच. अशा खोल काळ्या जमिनींत तळाशीं फुगीर केलेले काँक्रीटचे खांब निदान साडेतीन मीटर खोल न्यावे, असें भारतीय मानक सांगतें, कारण तितक्या खालीं ओलीचा चढउतार फारसा पोंचत नाहीं. एकमजली घराचा मालक इतका खर्च करील काय, याविषयीं आम्हांस शंका आहे. निदान मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा आणि खोली व जमिनीचा प्रकार नकाशावर लिहावा, एवढें तरी नगरपंचायतीनें सहीबरोबर मागून घ्यावें.

ता. १० जुलै २०२४ रोजीं लगतच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ प्रतीचा भूकंप झाला. मालेगांव तालुक्यांत जीं धाब्याचीं घरें अद्याप उभीं असतील, त्यांच्या भिंतींची जाडी, खणांची संख्या व धाब्यावरील मातीचे थर स्थानिक अभ्यासकांनीं तीं पडण्यापूर्वीं मोजून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.